पावलांचा हिशेब

हरमलच्या किनाऱ्यावरून गावात शिरणाऱ्या वाटेवर आमच्या पुतण्याची सुतारशाळा आहे. आमचे आजोबा पटाशीने मखरे कोरीत. पुतण्याने कर्ज काढून संगणकाच्या आज्ञेवर चालणारे कोरीव कामाचे यंत्र आणले. २०२३ साली मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर जाळीदार फळ्यांची गिऱ्हाइके वाढतील, असा त्याचा अंदाज. आम्हांस तो मनातून पटला नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे.

चवथीस तीन आठवडे उरले असता यंत्राने घरचे मखर कोरावयास घेतले. मधोमध कमळ हवे होते. उतरले ते अंडे. आजोबांच्या वेळची फणसाची फळी वाया गेली. ‘‘नकाशाच चुकीचा काढलास,’’ असे चारचौघांत बोलून आम्ही मोकळे झालो. पुतण्या गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या हाती व्हर्नियर दिला. ‘‘काका, तुम्हीच मोजा.’’

आज्ञा १०० मिलिमीटरची. एका दिशेने यंत्र बरोबर १०० सरकले. दुसऱ्या दिशेने ५०. तिकडे २०० सांगितले तर १००. नकाशा निर्दोष होता. चूक दर वेळी त्याच प्रमाणात येते तेव्हा ती मांडणीतली असते, असे पुतण्याचे म्हणणे.

या स्टेपर मोटरीचा एक फेरा २०० पावलांचा. एक पाऊल १.८ अंशाचे. संगणकाचे स्पंद झेलून मोटरीस वीज पुरवणारी जी पेटी, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती प्रत्येक पावलाचे आणखी १६ भाग करते, म्हणजे फेऱ्यास ३२०० स्पंद. आटेदार दांड्याच्या एका फेऱ्यात गाडा ५ मिलिमीटर सरकतो. म्हणून मिलिमीटरास ६४० स्पंद, असा आकडा संगणकात भरलेला. बिघडलेल्या दिशेची पेटी मात्र नवी बदललेली होती आणि तिच्यावर १६ ऐवजी ३२ भाग लावलेले होते. पेटीच्या अंगावर नखाहून लहान खटक्यांची रांग. दोन मांडण्यांत फरक एका खटक्याचा. बसवताना तो पाहिला नाही, हे पुतण्याने स्वतःच कबूल केले. वीज बंद करून त्याने तो सरकवला. (चालू विजेवर मोटरीची तार उपसू नये, पेटी जळते, ही ताकीद आम्हांसही मिळाली.)

वर्तुळ वर्तुळ झाले, पण तेवढ्याने संपले नाही. लांब कामात रेघा मध्येच सरकू लागल्या, कधी थोड्या, कधी बऱ्याच. काम संपल्यावर गाडा मूळ जागी परत आणला तर पेन्सिलीच्या खुणेपासून ३ मिलिमीटर अलीकडेच थांबला. संगणकाच्या पडद्यावर मात्र शून्य! वेग वाढला की या मोटरीचा जोर घटतो; एकदम पळवली तर ती पावले चुकते. आणि चुकली हे उलट कळवण्याची सोय साध्या स्टेपर मोटरीत नाही. आज्ञा गेली, म्हणजे काम झाले, असे संगणक धरून चालतो.

हे ऐकून आम्ही अंमळ अस्वस्थ झालो. गोवा १९८७ साली राज्य झाले तेव्हा आम्ही एका कचेरीत कारकून होतो. निवृत्तिवेतनासाठी खेपा घालणाऱ्या एका विधवा बाईंना आम्ही लोकांदेखत सुनावले होते, ‘‘आदेश निघाला आहे, तुम्हीच भलतीकडे विचारता.’’ जावक क्रमांक आम्हांस तोंडपाठ होता. आदेश पोचलाच नव्हता, हे कळावयास पुढे अकरा महिने लागले. त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

पुतण्याने वेग उतरवला, वेग चढण्याची गतीही सौम्य केली. चार वेळा गाडा पळवून परत आणला. चारही वेळा खुणेवर आला. मखर चवथीच्या आदल्या रात्री उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आरतीस जमलेल्या मंडळींसमोर आम्ही नकाशाविषयीचे आमचे शब्द मागे घेतले. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, आधी आरती होऊ द्या.’’