थांबण्यातले औचित्य

क्षेमेंद्राची ‘औचित्यविचारचर्चा’ मी गेली कित्येक वर्षे साहित्यशास्त्राच्या वर्गात शिकवते आहे. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी आचार्याचा एक दाखला विद्यार्थ्यांना हमखास आवडतो. मेखला गळ्यात घातली आणि हार कमरेला बांधला, तर दोन्ही अलंकार अस्सल असूनही पाहणाऱ्याला हसूच येईल. वर्ग हसतो आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळते. या दाखल्याचा अर्थ मला खऱ्या अर्थाने कळला तो २०१८ च्या एप्रिलमध्ये, आधी करूळ घाटात आणि मग मालवणातल्या एका गॅरेजमध्ये, मोटारीच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड निवडताना. साहित्याच्या वाचकांना विषय विजोड वाटेल; तरी सांगते.

त्या वर्षी बाबांच्या उपचारांसाठी दर तीन आठवड्यांनी आम्ही कोल्हापूरला जात होतो. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोठे दुखणे आले की तो एक तर गोव्यात बांबोळीला जातो, नाही तर घाट चढून कोल्हापूर गाठतो. आमची वाट मालवणहून कसाल, तिथून महामार्गाने कणकवली आणि तळेरे, पुढे वैभववाडी आणि करूळ घाटाने गगनबावडा. बाबा एसटीतून निवृत्त झालेले चालक. हा घाट आपण किती वेळा चढलो-उतरलो, याची मोजदाद त्यांनीही ठेवली नव्हती. आता गाडी मी चालवायची आणि त्यांनी शेजारी बसायचे. घाट सुरू झाला की त्यांचा उजवा पाय आपोआप गाडीच्या तळावर दाबला जाई. त्यांच्या मते जिथे ब्रेक लागायला हवा, नेमका तिथे. मला त्याचा राग येई. हा माझ्यावरचा अविश्वास आहे, असे वाटे.

त्या दुपारी बाबा थकून डोळे मिटून बसले होते. मी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवरचा पाय क्वचितच उचलत उतरत होते. प्रथम जळका वास आला. तो पुढच्या ट्रकचा असावा, असे मी धरून चालले. मग एका वळणावर पेडल पायाखाली मऊ झाले आणि दाबता दाबता तळाशी गेले. गाडीचा वेग कमी होईना. बाबांनी डोळे उघडले. आवाज न चढवता म्हणाले, ‘‘पाय काढ. परत दाब, परत परत दाब. दुसरो घाल गे.’’ दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने गाडीला मागे धरले, हँडब्रेक मी हळूहळू ओढला आणि डोंगराच्या अंगाला गाडी कशीबशी थांबली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट लागले, जणू काही घडलेच नव्हते. उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्येच उतरलो. बाबांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

मालवणात मेस्त्रींनी पुढची चाके उतरवली आणि माझ्या निष्काळजीपणाचा पाढाच समोर आला. आपण ज्याला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो तो द्रव हवेतली बाष्प शोषून घेतो. ‘डॉट ३’ प्रतीचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत घसरते. ‘डॉट ४’ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. समुद्रकाठच्या दमट हवेत पाच वर्षे न बदललेला माझा द्रव घाटात उकळला, नळीत वाफ झाली. आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते, म्हणून पाय तळाशी गेला. वाफ निवल्यावर पेडल परत आले. पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. वर्षभरापूर्वी एका दुकानातून ‘ओरिजिनल’ म्हणून घेतलेल्या त्या पॅडवर कोणतीही खूण नव्हती, हे मी तेव्हा पाहिलेच नव्हते. डिस्कवर निळसर डाग पडले होते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मेस्त्रींनी मोजली तेव्हा माझ्या डिस्क त्याखाली गेलेल्या होत्या. लेथवर घासून घेण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

त्या रात्री मी एक हिशेब मांडला. माणसांसकट हजार किलोची गाडी ढोबळमानाने पाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, तिच्यात हंडाभर, म्हणजे पंधराएक लिटर, गार पाणी उकळीला येईल. ताशी ८० किलोमीटरच्या वेगावरून गाडी वीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी ही उष्णता आहे. इंजिनाला धरू दिले तर यातला मोठा वाटा ते उचलते. मी तो जवळजवळ सगळा दहाएक किलो लोखंडावर आणि चार मूठभर पॅडवर टाकला होता. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा चालकांचा जुना दंडक मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो मला म्हणीसारखा वाटे. त्यात हंडाभर उकळते पाणी आहे, हे दिसले नव्हते.

पुढचा आठवडा निवडीत गेला. महाविद्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने आग्रह धरला की आता घ्यायचेच तर भोके पाडलेल्या, खाचा मारलेल्या डिस्क आणि शर्यतीच्या प्रतीचे पॅड घ्यावेत. घाबरलेल्या माणसाला सर्वांत जालीम तेच सर्वांत सुरक्षित वाटते. मीही जवळजवळ तयार झाले. मेस्त्रींना मोबाइलवर चित्र दाखवले. ते हसले. ‘‘बाई, ही भोकां गाडी थांबवूक नाय, लोकांका दाखवूक.’’ कमरेचा हार मला तेव्हा दिसला.

घरी येऊन वाचले, तेव्हा मेस्त्रींच्या वाक्यामागचे शास्त्र उलगडले. डिस्क ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये घेतले. त्याची खरी कीर्ती झाली ती १९५३ मध्ये, ल मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली तेव्हा. त्या काळचे पॅड तापले की वायू सोडत आणि तो पॅड व डिस्क यांच्यामध्ये अडके. त्याला वाट मिळावी म्हणून भोके. आजच्या पॅडमध्ये तो त्रास फारसा उरलेला नाही. उलट भोकांमुळे उष्णता साठवणारे लोखंड कमी होते आणि भोकांच्या कडांपासून तडे जाऊ शकतात. शर्यतीचे पॅड तर तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. सकाळी थंड गाडी काढून कुंभारमाठच्या उतारावर शाळेतले मूल आडवे आले, तर पहिल्याच दाबाला पकडणारा पॅड हवा. शर्यतीच्या पॅडला तोवर जाग आलेली नसते.

घर्षण-पट्ट्यांच्या इतिहासात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक इंग्रज भेटला. डोंगराळ भागातल्या घोडागाड्यांचे चालक उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे लावतात, हे त्याने पाहिले, त्यावर विचार केला आणि १८९७ मध्ये घर्षण-पट्ट्यांचा उद्योग सुरू केला. स्वतःच्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि एक वाढवून त्याने उत्पादनाला ‘फेरोडो’ हे नाव दिले. या उद्योगाचा उगम एका उतारावरच्या गाडीवानाच्या गरजेत आहे, हे वाचून मला बाबांकडे नव्याने पाहावेसे वाटले.

आता प्रश्न उरला तो माझ्या उताराला, माझ्या हवेला काय शोभेल हा. सेंद्रिय पॅड मऊ आणि आवाज न करणारे. डिस्कला सांभाळतात, पण लवकर झिजतात आणि जास्त तापले की पकड सोडतात. धातूचे प्रमाण जास्त असलेले पॅड उष्णता सोसतात, पण आवाज करतात आणि डिस्क खातात. शिवाय त्यांच्यातले पोलादी तंतू खाऱ्या हवेत गंजतात आणि गाडी पावसात चार दिवस उभी राहिली तर पॅड डिस्कला चिकटूही शकतो. सिरॅमिक पॅड शांत आणि स्वच्छ, पण महाग. आणि घाटासाठी त्यांचा काही विशेष लाभ मला दिसेना. या सगळ्यांच्या मधली वाट गाडीच्या कंपनीने मूळ गाडीसाठी ठरवलेल्या पॅडची होती. रोजचे मालवण-कसाल आणि तीन आठवड्यांनी एक घाट, ही वहिवाट तिच्यात बसत होती.

या वेळी खुणा पाहून घेतल्या. अनेक पॅडवर घर्षणाची दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले सामान्य तापमानाचे, दुसरे तापल्यानंतरचे. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५. दोन्ही अक्षरे ‘एफ’ असली तर तापलेला पॅडही साधारण थंड पॅडसारखाच वागेल, एवढे कळते. युरोपात बदली पॅडसाठी ‘आर ९०’ नावाचा नियम आहे. बदललेला पॅड मुळापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वेगळा वागता कामा नये, हा त्याचा गाभा. नियमाचा रोख लक्षात घ्यावा. मुळापेक्षा फार जोरकस पॅडही त्याला नको आहे, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांचा तोल आणि चालकाच्या पायाची सवय मूळ पॅडवर बेतलेली असते.

डिस्क साध्याच घेतल्या, मात्र गंजरोधक लेप दिलेल्या. पॅड घासतो त्या पृष्ठावरचा लेप पहिल्या काही दाबांतच जातो. कडा आणि मधला भाग मात्र खाऱ्या वाऱ्यापासून राखला जातो. रात्रीतून डिस्कवर चढणारा तांबूस गंज सकाळच्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याने घाबरू नये. आतल्या बाजूला खड्डे पाडणारा गंज वेगळा. तो चाक उतरवल्याशिवाय दिसत नाही. एकाच बाजूचे बदलणे टाळून दोन्ही पुढच्या चाकांचे सगळे एकदम बदलले. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावले. ब्रेक ऑइल ‘डॉट ४’ भरले आणि ते दर दोन वर्षांनी बदलायचे, असे दाराच्या आत कागदावर लिहून चिकटवले.

नवे पॅड आणि नवी डिस्क यांची ओळख व्हावी लागते. मेस्त्रींच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी पहाटे चौकेच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी साठवरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा गाडी हळू केली आणि मग ब्रेक न दाबता निवू दिली. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो तो असा. पहिल्याच दिवशी करकचून दाबले तर तो थर ठिगळासारखा बसतो आणि पेडल थरथरू लागते.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा करूळ घाट उतरलो. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ आणि नेमका, मग पाय पूर्ण उचलायचा. पेडल शेवटपर्यंत तसेच राहिले. मला वाटले होते, आता बाबांचा पाय स्वस्थ बसेल. तो बसला नाही. प्रत्येक वळणाआधी तो दाबला जात होता आणि त्या दिवशी प्रथमच मी त्याच्याकडे रागावाचून पाहिले. माझा पाय आणि त्यांचा पाय एकाच क्षणी दाबला जात होता, एकाच क्षणी उचलला जात होता. वैभववाडीला चहाला थांबलो तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, ‘‘आता बरा उतारलंस.’’