कड्याला बिलगणारा मासा

हवाई बेटांवर, हिलो गावाच्या उत्तरेला आकाका धबधबा आहे. 135 मीटरांचा उभा कडा. त्याच्या माथ्यावरच्या ओढ्यात आलामोओ नावाचा बोटाएवढा मासा राहतो. जन्म तिथलाच, पण बाळपण समुद्रातलं.

वरच्या दगडांना चिकटवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघतात ती जेमतेम डोळ्याला दिसतील एवढी. प्रवाह त्यांना कड्यावरून खाली ढकलतो आणि समुद्रात नेऊन सोडतो. काही महिने ती खाऱ्या पाण्यात वाढतात. मग गोड्या पाण्याची चाहूल घेत एखाद्या ओढ्याच्या मुखाशी येतात. तो आईबापांचाच ओढा असतो असं नाही. जिथलं पाणी बोलावील ते गाव आपलं.

आणि मग चढण. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. तिने ओल्या खडकाला चिकटायचं, छातीच्या परांनी जोर मारून थोडं वर सरकायचं, पुन्हा चिकटायचं. दोन-अडीच सेंटिमीटरांचं पोर, आणि कडा त्याच्या अंगाच्या पाच हजार पटींहून उंच! आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी याच्याच दूरच्या गोतातली. पण हे धाडस तिच्याही वाट्याला आलेलं नाही.

याचा भाऊबंद नोपिली. गोड्या पाण्यात शिरल्यावर दोनेक दिवसांत त्याचं तोंड पुढून खाली सरकतं. मग पोटाची वाटी आणि तोंड आळीपाळीने टेकवत तो वर चढतो. हवाईच्या भाषेत ‘पिली’ म्हणजे बिलगणं. मुलाचं अंगावरचं दूध तोडताना तिथले लोक हा मासा विधीत ठेवत. भाग्य असंच बिलगून राहावं म्हणून.

कड्याला न हरणारा हा जीव कोरड्या पात्रापुढे मात्र हतबल होतो. ओआहू बेटावर 1916 मध्ये वाइआहोले कालवा झाला आणि डोंगरातलं पाणी पलीकडच्या उसाच्या मळ्यांकडे वळलं. मळे बंद पडले, लोक पाण्यासाठी भांडले. 2000 मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही सर्वांची ठेव असल्याचा निकाल दिला. काही पाणी जुन्या वाटेने पुन्हा वाहू लागलं.

समुद्रातल्या त्या पिल्लाला डोंगराचा पत्ता ओढ्याचं पाणीच सांगतं. ते पाणी मुखापर्यंत पोचू द्या.