ठेव काही तासांची



मुंबईत २०१७ साली माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना सोबत घेऊन रोटी बँक सुरू केली. मी बी.कॉम., त्यामुळे ‘बँक’ शब्दाचे आधी हसूच आले. मग हिशेब कळला. इथे ठेवीची मुदत काही तासांची! म्हणून गाडी हवी, आणि कोणत्या गल्लीत गरज आहे हे जाणणारा माणूस हवा. डबेवाल्यांना तर गल्ल्या पाठच असतात.

आमच्या बुटीबोरीत एमआयडीसीमुळे बाहेरगावचे कितीतरी मजूर भाड्याच्या खोल्यांत राहतात. कुणाचे काम सुटले, हे आपल्या आधी किराणावाल्याला कळते. उधारीची वही त्याच्याकडे असते ना!

आपले स्वामिवात्सल्य सूर्यास्तापूर्वी आटोपते. उरलेले अन्न तेव्हा ताजे असते आणि त्या लोकांची जेवणाची वेळ पुढेच असते. पण भांडी घासायला काढल्यावर फोन करून उपयोग नाही, शेवटची पंगत बसतानाच करावा. रात्र उलटलेले शिळे आपण खात नाही, मग ते दुसऱ्याला दान म्हणून कसे द्यायचे? यंदा पर्युषणाच्या सामानाच्या यादीवर आचाऱ्याच्या नंबराखाली मी किराणावाल्याचा आणि एका ऑटोवाल्याचा नंबर लिहून ठेवला आहे.