हयातीचा दाखला

आमच्या नागपुरात नोव्हेंबर लागला की दोन गोष्टी एकदमच दिसू लागतात. हातठेल्यांवर संत्री आणि बँकांच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसे. संत्र्यांवर आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. मी म्हाताऱ्या माणसांवर लिहिणार आहे, आणि तेही जरा आडवळणाने. माझा धंदाच तसा होता.

पेन्शनरांना आमच्या गावात तोटा नाही. १९५६ सालापर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, त्यामुळे कचेरी इथल्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेली. विदर्भ-मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांची पेन्शन मंजूर करणारे महालेखापालांचे कार्यालयही इथेच आहे. या सगळ्या निवृत्त मंडळींनी वर्षातून एकदा 'आम्ही अजून आहोत' असे कळवायचे असते. कुणी बँकेत आलेल्या यादीवर नावासमोर सही करतो, कुणी छापील दाखला भरून देतो. रीत निरनिराळी, पण मतलब एकच.

आता माझ्या धंद्याविषयी. एखाद्या कचेरीचे काम संगणकावर न्यायचे ठरले म्हणजे, संगणकाने नेमके काय काय करायला हवे हे आधी ठरवून कागदावर मांडावे लागते. ते मांडणारा माणूस तो मी. इंग्रजी नाव भारदस्त आहे, सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट, पण आमच्या सौभाग्यवती पाहुण्यांना सांगतात, "हे लोकांना प्रश्न विचारायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे." इतकी नेटकी व्याख्या मला एकाही पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

मौज अशी की, माणसाला काय हवे आहे हे विचारले, तर तो ते सांगतच नाही. तो भलतेच सांगतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी शेजारचे काका दारात येऊन विचारतात, "शिडी आहे का हो तुमच्याकडे?" काकांना शिडी कशाला हवी असणार! त्यांना आकाशकंदील टांगायचा असतो. तो वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतून दोरीने सोडला तरी चालण्यासारखा असतो. पण काकांच्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीची शिडी असते, म्हणून ते शिडी मागतात. आमच्या शास्त्राचा निम्मा भाग एवढाच आहे: समोरचा शिडी मागत असताना कंदील कुठे आहे ते शोधणे. काय व्हायला हवे ही गरज, आणि कसे करायचे ही रीत. कागदावर आधी गरज यायला हवी, म्हणजे रीत मागाहून बदलता येते.

ही गरज मांडायला चित्रे काढतात. टॉम डीमार्को नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९७८ साली आपल्या पुस्तकात जी पद्धत समजावून दिली, तिच्यावर आमची पिढी पोसली. काम दाखवायला गोल, माहिती कुठून कुठे जाते ते दाखवायला बाण, माहिती साठवून ठेवायची जागा म्हणजे दोन समांतर रेघा, आणि बाहेरचा माणूस म्हणजे चौकोन. पुढे इव्हार याकोबसन या स्वीडिश तज्ज्ञाने १९९२ साली आपल्या पुस्तकातून दुसरी तऱ्हा लोकप्रिय केली. तीत त्या चौकोनाच्या जागी काड्यांचा माणूस आला, आणि त्याला जे जे साधायचे ते एकेका लंबगोलात. मी शिकवायला जात असे तेव्हा मुले हा काडीमाणूस नेहमी ताठ उभा काढीत. मी म्हणत असे, "अरे, कधी तरी त्याच्या हातात काठी द्या!" मुलांना तो विनोद वाटे.

१९९८ सालची गोष्ट. शहरातल्या एका जुन्या संस्थेने स्वतःच्या पेन्शनरांचे काम संगणकावर न्यायचे ठरवले. संस्थेचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. पेन्शनर साडेचारशेच्या आसपास, आणि त्या सगळ्यांचे रजिस्टर सांभाळणारे एक हेडक्लार्क. सारे ऑफिस त्यांना 'बडे बाबू' म्हणे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेने आणि कानावर पेन्सिल. मी वही उघडून त्यांच्यासमोर बसलो.

"बडे बाबू, हयातीचा दाखला आला की काय करता?"

"सही पाहतो. बरोबर असली तर रजिस्टरला चढवतो."

"आणि नाही आला तर?"

"तर डिसेंबरपासून पेन्शन बंद. नियम हाये ना जी."

उत्तर स्वच्छ होते. मी चित्र काढले. पेन्शनरचा चौकोन, त्यातून निघालेला दाखल्याचा बाण, 'तपासणे' हा गोल, रजिस्टरच्या दोन रेघा, आणि शेवटी 'बंद करणे' हा गोल. साहेबांना चित्र फार आवडले. ते म्हणाले, "बस्स, हेच करून टाका."

पण या धंद्यात एक पथ्य पाळावे लागते. माणूस काय करतो हे त्याने सांगितल्यावर, ते तो करीत असताना गुपचूप शेजारी बसून पाहायचे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी बडे बाबूंच्या टेबलाशी स्टूल ओढून बसलो. ते रजिस्टरावरून बोट फिरवीत होते आणि काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिकल्या देत होते.

"हे काय आहे?"

"काही नाही जी. असंच."

चहा झाला, पान झाले; मग ते हळूहळू बोलू लागले. "हे पाहा, हे हंसापुरीतले मास्तर. दरवर्षी पहिल्या तारखेले येतात, सगळ्यांच्या आधी. आज पंचवीस झाली. म्हणजे तब्येत ठीक नसन. आणि ह्या बाई. ह्यांचा मुलगा नागपुरात होता, त्याची बदली झाली. ह्यांले कोण आणणार?"

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? जातो ना सायकलनं. संध्याकाळी घरी जाऊन सही घेऊन येतो."

काही नावांपुढे टिकलीला गोल केलेला होता. तो कशाचा, ते त्यांनी आवाज खाली आणून सांगितले. त्या घरून अंगठा दरवर्षी अगदी वेळेवर येतो. पण म्हातारबुवांना दोन वर्षांत गल्लीतल्या कुणीही पाहिलेले नाही. तिथेही सायकल जाई.

मी म्हटले, "हे सगळे तुम्ही मला त्या दिवशी सांगितले कसे नाही?"

बडे बाबूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी पहिलीतला विद्यार्थी आहे. "तुम्ही विचारलं, ऑफिस काय करते. हे ऑफिस थोडंच करते? हे मी करतो."

त्या रात्री मी माझे चित्र पुन्हा पुढे घेतले. सगळे बाण पेन्शनरकडून आत येत होते. पेन्शनरकडे जाणारा एकही नव्हता. कचेरीची गरज अशी की, माणूस गेल्यावर पैसे जाऊ नयेत. ती गरज चित्रात होती. पण त्याच एका कागदात दुसरीही गरज दडलेली होती: माणूस असताना पैसे थांबू नयेत. ती गरज खिडकीबाहेरच्या माणसाची, आणि तिच्यासाठी चित्रात गोलही नव्हता आणि बाणही नव्हता. पेन्सिलीच्या टिकल्यांवर आणि एका सायकलवर ती भागत होती. आणि उद्या रजिस्टर गेले की टिकल्याही जाणार होत्या!

मी एक गोल वाढवला: 'न आलेल्यांची चौकशी'. त्याला लागणारी माहिती अशी: गेल्या वर्षी दाखला कोणत्या तारखेला आला होता, सध्याचा पत्ता, आणि जवळच्या नातेवाइकाचे किंवा शेजाऱ्याचे नाव. पंचवीस नोव्हेंबरला यादी निघावी, आणि चौकशीचा निकाल लागल्यावाचून 'बंद करणे' या गोलाकडे बाण जाऊ नये, असे स्वच्छ लिहिले.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे नियमात नाही. काढून टाका."

मी काही वकील नव्हे; पण नकारा खटल्याची आठवण मी त्यांना दिली. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात असा निकाल दिला की, पेन्शन ही मालकाने मर्जीने दिलेली खैरात नसून नोकराने सेवेने मिळवलेला हक्क आहे. पेन्शनर मंडळी अजूनही तो दिवस पाळतात. मी म्हटले, "साहेब, हक्क असेल तर तो थांबवायला कारण हवे. नुसते न येणे हे काही कारण नव्हे. माणूस पडून असेल, लेकाकडे गेला असेल." साहेब बराच वेळ पेनचे टोपण लावीत नि काढीत होते. अखेरीस त्यांनी यादी ठेवली, बाण ठेवला. मात्र खुलाशात मी 'घरी जाऊन भेट' असे लिहिले होते, त्यावर काट मारली. म्हणाले, "प्रवासभत्त्याचे बिल कोण मंजूर करणार?"

पुढल्या वर्षी पंचवीस नोव्हेंबरला करकरत पहिली यादी छापून निघाली. उशीर झालेल्या नावांपुढे छापील चांदण्या होत्या. बडे बाबूंनी चष्मा वर सरकवून ती वाचली आणि म्हणाले, "माह्या टिकल्याच छापून आल्या की जी!" आणि कागदाची घडी घालून सायकलच्या किल्लीसकट खिशात टाकली. दोन वर्षांनी ते स्वतःच पेन्शनर झाले. त्यांच्या जागी आलेला मुलगा सायकलवर बसत नसे. पण यादी हातात पडली की फोन फिरवू लागे. तेही माझ्या मते थोडेथोडके नव्हते.

मग काळ पालटला. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' सुरू केले. आधार क्रमांक द्यायचा, यंत्रावर बोट टेकवायचे, की दाखला परस्पर पोहोचला. कल्पना उत्तम! रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्यांची केवढी सोय झाली! पण म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात. जन्मभर भांडी घासलेल्या, विटा वाहिलेल्या हातांच्या तर लवकरच. आता बघा, कागदावर गरज कशी लिहिली आहे यावर केवढे अवलंबून असते. 'बोटाचा ठसा घ्यावा' एवढेच लिहिलेले असेल, तर रेषा झिजलेला माणूस त्या कागदापुरता मेलाच. 'माणूस हयात असल्याची खात्री करावी' असे लिहिले, की ठसा ही नुसती एक रीत राहते, आणि शेजारी दुसऱ्या रीतींना जागा होते. तशी जागा झालीही. ऐंशी वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना २०१९ पासून एक ऑक्टोबरपासूनच दाखला देता येऊ लागला. २०२० मध्ये टपाल खात्याच्या बँकेने पोस्टमनला यंत्र देऊन घरी पाठवण्याची सोय केली. म्हणजे बडे बाबूंची सायकलच म्हणा ना. फक्त तिचे थोडे शुल्क पडते. आणि नोव्हेंबर २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून दाखला देता येऊ लागला.

तरी मला एक खुटखुट आहे. हे सगळे, ज्याला मागायचे कळते त्याच्यासाठी. पोस्टमन यायचा तो बोलावल्यावर. जो बोलावीतच नाही, त्याच्या नावापुढे टिकली कोण देणार?

माझी मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, महालात राहते. कुटुंब पेन्शन घेते. तिच्या बोटांनी चार वर्षांपूर्वीच संप पुकारला. गेल्या नोव्हेंबरात तिच्या नातवाने मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. मी शेजारी चिवड्याची बशी घेऊन बसलो होतो.

"आजी, इकडे बघ. आता डोळे मिटून उघड."

"मिटले की गेले असं नाही ना समजणार तो?"

नातू हसला. मिनिटाभरात संदेश आला. "झालं आजी! वर्षभर तू पक्की जिवंत."

मावशीने पदर सावरला. "आणि मधेच गेले तर? तेव्हा कोण डोळे मिटून दाखवणार?"

नातवाने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की घरातल्या कुणी तरी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत कळवायचे असते, नाही तर जास्तीचे जमा झालेले पैसे बँक मागाहून परत घेते.

"मग ते तू करशील. ह्याला जमायचं नाही. वही आहे ना खिशात? लिही."

मी वही काढली. तिने बँकेची शाखा सांगितली, खाते क्रमांक पाठ म्हणून दाखवला, पेन्शनचे कागद कपाटातल्या कुठल्या पत्र्याच्या डब्यात आहेत ते सांगितले, आणि त्या डब्याची किल्ली कुठे असते तेही. मी लिहून घेतल्यावर तिने ते सगळे मला परत वाचून दाखवायला लावले. एका आकड्यात सात ऐकू आला होता तो नऊ करवून घेतला, आणि मग चिवड्यात मीठ बरोबर पडले आहे का, ते विचारले.