चौथी भाडेकरू

बोल्डर सोडून आता बराच काळ लोटला, तरी घरमालकाचा तो फोन आठवला की अजून डोकं तापतं. ‘तुमच्यापैकी एकीला महिनाअखेर घर सोडावं लागेल,’ एवढंच बोलून त्याने विषय संपवला. आम्ही चौघी त्या घरात राहत होतो. कोलोरॅडोतल्या या गावाच्या तेव्हाच्या नियमानुसार, आमच्यासारख्या बैठ्या घरांच्या वस्तीत एकमेकांशी नातं नसलेली तीनच माणसं एका घरात राहू शकत. सगळ्यांत शेवटी मी आले होते, म्हणून जायचंही मीच.

पुण्यातून एम.एस्सी., मग परीक्षा, अर्ज, व्हिसा, हे सगळं नेहमीचंच. बोल्डर निवडलं ते भौतिकशास्त्रासाठी. १९९५ साली तिथल्याच ‘जिला’ या संस्थेत एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे अणू केवल शून्याच्या इतके जवळ नेले, की सत्येंद्रनाथ बोस आणि आइनस्टाइन यांच्या सिद्धान्तातून निघालेली पदार्थाची अवस्था सत्तर वर्षांनी प्रत्यक्ष दिसली. मला तेवढं कारण पुरेसं होतं. पण तिथे पोचल्यावर कळलं, की गाव संपतं तिथेच डोंगर सुरू होतो. फ्लॅटआयर्न्सचे तांबूस, तिरके कडे वर्गाच्या खिडकीतून दिसत. विभागातली निम्मी मुलं दोर आणि क्लाइंबिंगचे बूट घेऊनच लॅबला येत.

आमचंही काम रुबिडियमवरच. व्हॅक्यूम चेंबर एकदा उघडला, की आतल्या भिंतींना चिकटलेलं पाणी काढण्यासाठी त्याला हीटिंग टेप गुंडाळून, वर फॉइल लावून दिवसचे दिवस तापवत ठेवायचं. त्या काळात दाबाच्या आकड्याकडे टक लावून बसण्यात काही अर्थ नसतो. गाइड म्हणायचे, ‘दाब त्याच्या वेळेनेच उतरणार. जा, डोंगरावर जाऊन ये.’ सर उठेपर्यंत आपण खुर्ची सोडायची नाही, या वळणात वाढलेल्या मला पहिल्यांदा हे खरंच वाटेना. मग मात्र अशी सवय लागली, की पहाटे मेसा ट्रेलवर पाँडेरोसा पाइनच्या सालीचा व्हॅनिलासारखा वास घेतल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं वाटेना.

बेअर पीकवर गेले की मी मनात एक गणित करायची. हे शिखर गावापेक्षा सव्वानऊशे मीटरच्या आसपास उंच. जितकं वर जावं तितका काळ किंचित भरभर चालतो, त्यामुळे माथ्यावर तासभर बसलं, तर आपलं घड्याळ गावातल्या घड्याळाच्या पुढे जाणार, नॅनोसेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने. ज्या गावातल्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये अवघ्या ३३ सेंटिमीटर उंचीचा असा फरक मोजून दाखवला, तिथे हे गणित निव्वळ कल्पनाविलास राहत नाही. जुलैत दुपारच्या आत खाली उतरायचं, कारण विजा शिखरावरच्या माणसाची गय करत नाहीत. तरी पाय निघत नसे.

हा डोंगर मोकळा राहिला, त्यामागेही एक भौतिकशास्त्रज्ञ आहेत. आमच्याच विभागातले प्राध्यापक अल्बर्ट बार्टलेट आणि गणिताचे रॉबर्ट मॅककेल्वी यांनी १९५९ मध्ये लोकांना घेऊन ‘ब्लू लाइन’ मंजूर करून आणली. ५,७५० फुटांच्या वर नगरपालिकेने पाणी द्यायचं नाही. पाणीच नाही, म्हणजे बंगलेही नाहीत. मग १९६७ मध्ये गावाने मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. आज गावाभोवती ४५ हजार एकरांहून जास्त जमीन अशी राखलेली आहे. बार्टलेट पुढे आयुष्यभर चक्रवाढीवर व्याख्यान देत राहिले: वर्षाला सात टक्के वाढ म्हणजे दहा वर्षांत दुप्पट. त्या गणितात खोट काढता येत नाही.

पण कडेने वाढायचं नाही असं ठरलं, आणि नोकऱ्या व विद्यार्थी मात्र वाढतच राहिले, तर भाडं कुठे जाणार? स्टायपेंडमध्ये एकटीने घर घेणं शक्यच नव्हतं. चौघींनी मिळून राहिलं, तर महिन्याच्या शेवटी बूट घेण्याइतके पैसे उरत. आम्ही गोंधळ घातला नव्हता. दोघी पहाटे डोंगरावर, दोघी रात्री लॅबमध्ये. सगळ्या एका वेळी जाग्या असण्याचे प्रसंगही थोडे. शेजाऱ्याने पोर्चमधल्या सायकली मोजल्या आणि तक्रार केली. सहा भावंडं असती तर त्याच घरात नियमात बसली असती. चौथी परकी मुलगी मात्र बेकायदा! जे लोक अस्वलासाठी कचऱ्याच्या डब्याला खास कुलूप लावतात, ट्रेलवर भेटल्यावर तोंड भरून हसतात, त्यांनी आमच्या घरातल्या उशा का मोजाव्यात, हे मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही समजत नाही. घरमालकाला नियम पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. त्याने चार भाडी बिनतक्रार घेतली, आणि निघताना माझं डिपॉझिट ‘करार मोडला’ म्हणून ठेवून घेतलं. करार कुणी मोडला? मी पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. विद्यापीठात येणाऱ्या मुलामुलींना मी अजून सांगते: लीजवर सगळ्यांची नावं आहेत का ते बघा, गावाचा नियम स्वतः वाचा, घरमालकाच्या ‘चालतं हो’वर जाऊ नका.

मी जवळच्या लाँगमाँट गावी राहायला गेले. खोली मोठी होती, स्वयंपाकघरही छान. पण रात्री लॅबची इमारत शांत झाली की लेझर स्थिर राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी मला शेवटची बस गाठावी लागे. पहाटेचा डोंगर तर संपलाच. सकाळची बस, दोन्ही बाजूंना कुरणं, पलीकडे तोच डोंगर, बघायचा फक्त.

२०२३ मध्ये बोल्डरने तीन जणांची ती मर्यादा पाचवर नेली, आणि २०२४ मध्ये राज्याने नात्यावर आधारलेल्या अशा मर्यादाच रद्द केल्या. बातमी वाचून आनंद झाला, आणि रागही आला.

माझी जुनी रूममेट म्हणते, की गावाभोवतीची थोडी कुरणं बांधायला सोडा, म्हणजे प्रश्न सुटेल. मी तिच्याशी भांडते. मी पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी वाढले आहे. बालभारती–पौड फाटा रस्त्यासाठी ती टेकडी फोडण्याविरुद्ध आईच्या वयाची माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा मी दुरूनच सही केली. एकदा कापलेली टेकडी परत येत नाही. मी म्हणते, गावात उंच बांधा. १९७१ पासून तिथे ५५ फुटांच्या वर इमारत बांधता येत नाही. ती मर्यादा उठवा. त्यावर ती विचारते, ‘मग तुझ्या वर्गाच्या खिडकीतून फ्लॅटआयर्न्स दिसले नाहीत तर?’ ते मला अजिबात चालणार नाही, हे तिला माहीत आहे. तरीही इमारती उंच व्हाव्यात असंच माझं मत आहे, आणि ती खिडकी सोडून दुसऱ्या कुठल्या तरी बाजूला व्हाव्यात, असंही.