आधी डेटाबेस, मग झॅबिक्स

आमच्या रुग्णालयात पॅथॉलॉजीचे रिपोर्ट, एक्स-रेच्या प्रतिमा, बिलिंग असं सगळं ज्या सर्व्हरांवर चालतं, त्यांच्यावर झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरची नजर असते. डिस्क भरत आली किंवा रात्रीचा बॅकअप अडकला, तर पहिला मेसेज त्याचाच. तोच बंद पडला तर बाकीचं काय बिघडलंय हे आम्हाला वॉर्डातून फोन आल्यावर कळणार. म्हणून त्याच्या अपग्रेडला मी कधी किरकोळ काम समजत नाही.

२०२२ साली झॅबिक्सची ६.० ही दीर्घ मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती आली. आम्ही ५.० वर होतो. माझ्या हाताखालचा मुलगा हुशार आणि उत्साही. त्याने शनिवारच्या रात्रीची वेळही ठरवून टाकली. "मॅडम, रिपॉझिटरी बदलायची, पॅकेज चढवायचं. अर्ध्या तासाचं काम."

"वेळ नंतर ठरवू. खाली डेटाबेस कुठला आहे?"

"मारियाडीबी."

"कुठली?"

त्याने टर्मिनलवर विचारलं, उत्तर आलं १०.३. उबंटू २०.०४ सोबत तीच येते. झॅबिक्स ६.० ला मात्र किमान १०.५ लागते. मायएसक्यूएल असेल तर ८.०, पोस्टग्रेस असेल तर १३. ५.० च्या अटी इतक्या सैल होत्या, की मायएसक्यूएल ५.५ च्या शेवटच्या आवृत्त्यासुद्धा चालून जायच्या. त्यामुळे आवश्यकतांचं पान उघडून बघायची सवयच अनेकांना लागलेली नाही. शिवाय ६.० च्या यादीला वरचीही मर्यादा होती. मारियाडीबीसाठी तेव्हा १०.६ पर्यंतच, म्हणजे उगाच सगळ्यात नवी घेऊनही भागलं नसतं.

मी पूर्ण डेटाबेसचा डम्प घेऊन एका वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर चढवला आणि तिथे मुलाला मुद्दाम १०.३ वरच ६.० लावायला सांगितलं. सर्व्हर उठलाच नाही. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: ही आवृत्ती चालणार नाही, किमान १०.०५.०० हवी. खालीच पळवाटही दिलेली होती, कॉन्फिगरेशनमधली एक ओळ १ केली की स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाता येतं.

"मग करूया की एक, मॅडम?"

त्याला मी खुर्ची ओढून बसवलं. नवा झॅबिक्स पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा डेटाबेसची रचनाच बदलतो. तक्ते, रकाने, सगळं. आणि परतीचा रस्ता नाही. जुना झॅबिक्स हवा असेल तर बॅकअपच परत चढवावा लागतो. जो डेटाबेस चालेल याची हमी खुद्द बनवणारेच देत नाहीत, त्याच्यावर असा बदल करायचा आणि वर रुग्णालयाची राखण सोपवायची? मला ते पटत नाही. सुरू व्हायला नकार देणारी ही तपासणी ६.० मधली फार मोलाची गोष्ट आहे, असं माझं मत आहे.

मग काम दोन टप्प्यांत केलं. आधी फक्त डेटाबेस. मारियाडीबीच्याच रिपॉझिटरीतून १०.५ घेतली, तिचं अपग्रेड साधन चालवून सिस्टिम तक्ते जुळवले आणि जुना ५.० त्यावरच चालू ठेवला. त्याला ती आवृत्ती चालते. ग्राफ नीट येतात का, हाउसकीपर जुना डेटा वेळेवर काढतो का, हे बघत राहिलो. झॅबिक्सला हात लावला तो त्यानंतर. दोन्ही एकाच रात्री केले असते, तर काही बिघडल्यावर दोष कुणाचा हे शोधण्यातच पहाट झाली असती.

दूरच्या यंत्रांचा डेटा गोळा करून मुख्य सर्व्हरला पाठवणारा झॅबिक्सचा प्रॉक्सी मात्र बहुतेक जण विसरतात. त्याचाही स्वतःचा डेटाबेस असतो. आमचा दुसऱ्या इमारतीतला प्रॉक्सी एसक्यूलाइटवर होता, आणि त्या फाइलचं अपग्रेड होतच नाही. जुनी फाइल काढून टाकायची, प्रॉक्सी नवी तयार करतो. तिच्यात न पाठवलेला डेटा उरलेला नाही ना, एवढं आधी बघायचं.

प्रत्यक्ष अपग्रेडच्या रात्री लॉगमध्ये रचनाबदलाचे टक्के चढत शंभरावर गेले. पाठोपाठ एक सूचना आली: इतिहासाच्या तक्त्यांना प्रायमरी की नाही. मुलगा दचकला. ही अडचण नव्हती. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती की आपोआप येते, जुन्यात आपल्या हाताने घालावी लागते. त्यासाठी जुने तक्ते बाजूला ठेवून डेटा नव्या तक्त्यांत ओतायचा, म्हणजे तेवढी डिस्क रिकामी हवी. आमच्याकडे तेव्हा नव्हती. ते काम नवी डिस्क आल्यावर करायचं म्हणून नोंदवून ठेवलं.