मामांची भिंत

औशातलं मामांचं घर पाडायचं ठरलं, तेव्हा किंमत काढायला आलेल्या माणसाने बांधकामापुढे शून्य लिहिलं. दगडामातीचं काम, आयुष्य संपलेलं, मोल फक्त जागेचं. मामेभावांना त्यात वावगं वाटलं नाही. त्यांना खाली गाडी लावता येईल असं स्लॅबचं घर हवं आहे, आणि त्यांचंही चुकत नाही. मला मात्र ते शून्य सलतं.

मामा गवंडी, त्यांचे वडीलही गवंडी. औशाला येणारे किल्ला बघून जातात. मामा मला गल्लीबोळांतून हिंडवायचे आणि कुणाच्या भिंतीचा कोपरा गुण्यात आहे, कुणाची ढाळज ओळंब्यातून सुटली आहे ते दाखवायचे. बाजाराच्या दिवशी मजुरी वाटायची. आधी बिगारी बायकांचे पैसे, मग गाढवावरून माती आणणाऱ्याचे आणि उरतील ते मामीच्या हातावर. धाकट्या मुलीचं लग्न त्यामुळे एक उन्हाळा पुढे गेलं. मामी तेव्हा बोलली नाही, पण पुढे बरीच वर्षं बोलत राहिली.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मामांच्या घराला एक चीर गेली, एवढंच. किल्लारीकडची गावं मात्र झोपेतच गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून 10 हजारांच्या आसपास माणसं. मामा पहार आणि फावडं घेऊन जे गेले, ते परत आले तेव्हा त्यांची नखं फुटलेली होती. जेवायला बसले आणि तसेच उठले. त्यातली काही घरं त्यांनी बांधलेली होती.

संध्याकाळी ढाळजेत बसून त्यांनी काडीने जमिनीवर भिंत काढली. आमच्याकडची भिंत अडीच-तीन फुटांची. लोक तिच्या जाडीवर विसंबायचे. पण आत ती दोन भिंतींचीच असते. बाहेरून एक, आतून एक, मधे दगडगोटे आणि चिखल. "दोघींला धरून ठिवणारा लांब दगड मधी पायजे," मामा म्हणाले. "तो घडायला येळ लागतो. मालक म्हणायचा, कशाला, भिंत काय पळून चालली का?" एवढं बोलून त्यांनी काडी मोडली.

दुसऱ्या दिवशी ते शिडी लावून स्वतःच्याच माळवदावर चढले. खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. दरवर्षी पावसाच्या आधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, जुना कुणी काढायचा नाही. मामा फावड्याने माती ओढत होते, मुलं पाट्या भरत होती, मामी आणि मी अंगणात रित्या करत होतो. थर सुटे सुटे निघत होते. मधेच मामा थांबत, मातीचा खडा बोटांत चुरत आणि म्हणत, "ही बापाची." मग जरा खाली, "ही आज्याची." दुपार झाली तरी माती संपेना. अंगणात ढीग कमरेएवढा झाला, तेव्हा मामी मटकन खाली बसली. हे सगळं आपल्या लेकरांच्या डोक्यावर होतं, हे तिला तेव्हा दिसलं. मामा वरून तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते तेवढंच.

माळवदाच्या जागी पत्रे आले. घर उन्हाळ्यात तापू लागलं आणि मामीने तो गारवा गेल्याचं दुःख शेवटपर्यंत धरलं.

लोक पुढे गवंड्यांना दोष देऊ लागले. दगडाने मारलं म्हणू लागले. मला ते तेव्हाही पटलं नाही. लाकडी सांगाडे पुष्कळ ठिकाणी उभे होते, पडल्या त्या भिंती. त्या का पडल्या हे ज्यांना कळत होतं, त्यांना बांधताना कुणी विचारत नव्हतं. किल्लारीसारखी 52 गावं नव्या जागी वसली. उरलेल्या गावांत दुरुस्तीची कामं निघाली, पण बहुतेकांनी मिळालेल्या पैशांत सिमेंटची एक खोली उठवली आणि जुन्या घरात गुरं बांधली. मामा मात्र सायकलवरून खेड्यापाड्यांत जात राहिले. भिंतीतले दगड हाताने हलकेच सोडवून आरपार भोक पाडायचं, त्यात आकडा वळवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचं. ठोकाठोक केली तर भिंत आणखी सुटते, म्हणून हे काम फार सावकाशीचं. दिवसाला मोजकीच भोकं होत. आपण बांधलेल्या घरांत ते हे काम उधारीवर करत. हिशेबाच्या वहीत मालकाच्या नावापुढे भोकांचा आकडा असे, रुपयांचा नसे.

घर पाडताना जेसीबीवाला आतल्या खोलीच्या भिंतीपाशी अडला. मामांनी तिच्यात हातहातभर अंतरावर आरपार सळया घातल्या होत्या. त्या खोलीत मुलं झोपायची. बाकी घर सकाळीच आडवं झालं होतं. ही भिंत पाडायला संध्याकाळ झाली. मामेभाऊ कंटाळून चहाला गेले. मी तिथेच उभा राहिलो आणि यंत्र चालवणाऱ्या पोराला, त्याने विचारलं नसतानाही, ही भिंत कुणी आणि कशी बांधली ते सगळं सांगितलं.